सूरजचं जाड पुस्तक

ता. चंदगड
१२ ऑगस्ट २०२४

चि. रूपालीस,

आबांचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. फोनवर तू ओरडतेस नि मी भलतंच ऐकतो, म्हणून आपलं पत्रच बरं. इकडं भात चांगलं धरलंय. आईचा गुडघा आहे तसाच आहे, आणि तिची बडबडही.

एक विचारायचं आहे. सूरज गेल्यावर दवाखान्यातून त्याची पिशवी आली, तीत एक भलं मोठं पुस्तक होतं. वर मुकुटवाल्या देवाचं आणि शिंगवाल्या राक्षसाचं चित्र. वर्षभर ट्रंकेत पडून होतं. परवा तुझ्या आईनं ते बाहेर काढलं आणि आपल्या धम्मग्रंथासारखंच पांढऱ्या फडक्यात बांधून फळीवर ठेवलं. तिला वाचता येत नाही, पण लेकराचं पुस्तक असं उघडं कशाला ठेवायचं, म्हणाली.

विहारातलं वर्षावासाचं, पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं वाचन माझ्याकडंच असतं. काल घाईत फळीवरचं बांधलेलं उचललं आणि विहारात गेलो. वंदना झाली, सगळे गप्प बसले, मी फडकं सोडलं तर आत हा शिंगवाला! पिराजीनं समोरूनच विचारलं, काय भाऊसो, देव परत घरात आणलास व्हय. सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र पिराजीचं बोलणं डोक्यातनं जाईना.

तुझ्या पणज्यानं छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन देव्हारा रिकामा केला, ती गोष्ट ऐकतच सूरज वाढला. मग शेवटच्या दिवसांत तो भिऊन देवाकडं वळला का? वळला असेल तर मी रागावणार नाही, खरंच नाही. पण बाप असून मला त्याची भीती कळली नाही, याचं फार वाईट वाटतं. आम्ही आपले रविवारी एसटीनं यायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मागं राहिलीस ती तू.

पुस्तक वाचून बघावं म्हणून बसलो, तर एकेका माणसाला ढीगभर नावं आणि नावागणिक शाप. कोण कुणाचा हे कळेपर्यंत तो मरतोय. मधल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला आहे. तू वाचलंयस का हे? वाचण्यासारखं काही आहे का त्यात?

उत्तराला उशीर लावू नकोस. आई जावईबापूंची आठवण काढते.

तुझा,
आबा

कोल्हापूर
२० ऑगस्ट २०२४

आदरणीय आबांस आणि आईस,

रूपालीचा सविनय जयभीम. पत्र पोचलं. वाचून स्वयंपाकघरातच खाली बसले. ह्यांनी विचारलं काय झालं, तर पत्रच त्यांच्या हातात दिलं.

आबा, त्या दुमडलेल्या पानापर्यंत पुस्तक मी वाचलंय, तेही मोठ्यानं. सूरजच्या हाताला सुई असायची, एवढं वजन त्याला पेलायचं नाही. मी डबा घेऊन गेले की तो म्हणायचा, भाकरी राहू दे, आधी वाच. शेजारच्या खाटेवरचे हंबीरराव काकाही कान देऊन ऐकायचे.

पुस्तक म्हणाल तर मला अजिबात आवडलं नाही. वाचताना जीभ दुखायची. सूरज तर सगळा वेळ त्याच्याशी भांडायचा. देवानं कपट करून राक्षसाला मारलं की चिडून म्हणायचा, ह्यात कसली मर्दुमकी, समोरनं ये की. तुमचाच मुलगा होता तो. कुणाला हात जोडताना मी त्याला एकदाही पाहिलं नाही.

मग हे पुस्तक का, ते सांगते. दवाखान्यात ठेवून घेतलं त्या दिवशी त्यानं मला पुस्तक आणायला सांगितलं. कुठलं आणू विचारलं, तर म्हणाला, नाव बघू नगं, दुकानात सगळ्यात जाड असंल ते आण. मला वाटलं वेळ जायला मागतोय. पुढं पुढं मी भरभर वाचायला लागले की तो हात धरायचा. राहिलेली पानं चिमटीत धरून बघायचा आणि म्हणायचा, अजून लई हाय, हे संपल्याबिगर मी कुठं जात न्हाय. त्याला देव नको होता आबा, दिवस पाहिजे होते. भीती त्यालाही वाटत होती, पण ती तुम्हाला दिसू नये म्हणून रविवारी पुस्तक मला उशीखाली ठेवायला लावायचा.

तो कोपरा मी दुमडला. उद्या इथनं पुढं, असं म्हणून उठले होते. मला आता त्याच्या पुढचं वाचवत नाही. तुम्हीही वाचू नका, परत ट्रंकेत ठेवा.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. रागवायचं असेल तर पत्रातच रागवा, पण लिहीत राहा.

तुमची,
रूपाली

ता. चंदगड
१८ ऑक्टोबर २०२४

चि. रूपालीस,

जयभीम आणि आशीर्वाद. उत्तराला मीच उशीर लावला. काल आश्विन पौर्णिमेला वर्षावासाचं वाचन संपलं. ग्रंथ बांधून ठेवला आणि तुझं पत्र खिशातून काढून सगळ्यांसमोर वाचलं. निम्म्यावर आवाज बसला, तर पिराजीनं पत्र हातातून घेतलं आणि पुढचं त्यानं वाचलं. वाचून झाल्यावर बराच वेळ माझा हात धरून बसला.

तुझं ऐकलं नाही, पुस्तक ट्रंकेत ठेवलं नाही. पत्र आलं त्या दिवसापासून जेवणं झाली की तुझ्या आईला वाचून दाखवतो, पहिल्या पानापासून. तीही राक्षसांच्याच बाजूची आहे. पंधरा दिवसांमागं तुझ्या दुमडलेल्या पानाशी आलो आणि थांबलो. पुढं सूरज गेलेला नाही, मग मी कसा जाऊ, असं झालं. मग तिनंच तो कोपरा बोटानं सरळ केला आणि म्हणाली, वाचा की, पण सावकाश वाचा.

वाचण्यासारखं आहे का, असं मी तुला विचारलं होतं. तर पोरी, पुस्तक भिकार आहे, पण जाड आहे. तिथनं पुढं रोज एकच पान वाचतो. ती आणखी वाचा म्हणत नाही आणि मीही पान उलटत नाही.

सुट्टी पडली की ये. तू आल्यावर तू वाच, आम्ही दोघं ऐकू. घाई करू नकोस. अजून लई हाय.

तुझा,
आबा