पुलाच्या अलीकडे

ता. ४ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आई तुझ्या शेजारी बसून कान टवकारून ऐकते, म्हणून हे पत्रात लिहितोय. तिच्या हाती लागू देऊ नकोस.

गेल्या मंगळवारी सकाळी माझी बस मोठ्या पुलाच्या मधोमध होती. समोर रस्ता मोकळा, मागे चाळीसेक माणसं, सगळी रोजचीच. एकाएकी हातांना मुंग्या आल्या, छाती धाडधाड उडायला लागली आणि श्वास वरच्या वर अडकला. वाटलं, संपलं. आपण तर जातोच, या माणसांनाही घेऊन जातो. कशीबशी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दाराच्या पायरीवर बसलो, तो उठताच येईना. लोक आधी ओरडले, मग माझं तोंड बघून मागे सरकले. कंडक्टरनं एका बाईंच्या बाटलीतलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

दवाखान्यात हृदयाची पट्टी काढली, रक्त काढलं. डॉक्टरीणबाई पोरसवदा आहेत. म्हणाल्या, हृदय ठणठणीत आहे, हा घाबरण्याचा झटका आहे, याला चिंतेचा आजार म्हणतात. ताई, खरं सांगतो, हृदयाचं काही निघालं असतं तर बरं झालं असतं. माणसाला निदान सांगता तरी येतं. बावीस वर्षं गाडीला साधा ओरखडा नाही, आणि आता डेपोत काय सांगू, की मला भीती वाटली?

तू चार दिवस येऊन राहिलीस तर बरं वाटेल. बायको धीर देते, पण ती माझ्याकडे बघते तेव्हा तिचेच डोळे भरलेले असतात.

लोभ आहेच. सध्या जरा जास्त लागेल, तेवढा सांभाळून ठेव.

तुझा,
ढब्बू


ता. १२ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. आईनं विचारलं कुणाचं पत्र, तर दिलं ठोकून की शिवणाच्या दोऱ्यांची जाहिरात आहे. तिनं ती जाहिरातही मागितली! म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसतं, नाकानं मात्र सगळं कळतं.

हे बघ, तू मनाला फार लावून घेतोस. ओरखडा नाही, ओरखडा नाही म्हणून किती मिरवशील? माझी सायकल तीनदा खड्ड्यात घातलीस ते मी अजून विसरले नाही. महिनाभर रजा घे, वेळेवर जेव, झोप. मन घट्ट कर. सगळ्यांना कधी ना कधी असं होतं आणि जातं.

येण्याचं म्हणशील तर आत्ता जमायचं नाही. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय, चौऱ्याहत्तर पँटी आणि प्रत्येकीची उंची वेगळी. शिवाय आईच्या पायांवर सूज आहे. बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. तिला वरच्या मजल्यावरच्या बाईंवर सोडून कशी येऊ?

तुझ्या बायकोला सांग, रडू आलं तर तुझ्यादेखत रडू नको म्हणावं. की देखतच रडावं? मला यातलं काही कळत नाही.

पुढच्या पत्रात बरा हो.

तुझी,
ताई


ता. २ एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा मोडली, बरा झालो नाही. पुलाचं नाव काढलं तरी हात गार पडतात. डेपोनं मला गाडीवरून काढून हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलंय. लोक बसमध्ये काय काय विसरतात! छत्र्या तर असतातच. परवा एक प्लॅस्टरचा पाय आला, कापलेला, आत गुलाबी मोजा. मी चिठ्ठ्या लावतो आणि फळीवर ठेवतो. खिडकीतून माझी गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात बाहेर पडताना दिसते, तेव्हा मान वळवतो.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं. गाडीत तेल कमी झालं की लाल दिवा लागतो. माझं तेल भरलेलं आहे, दिव्याची तारच बिघडलीय, म्हणून तो उगाच लागतो. मी म्हटलं, बाई, लाल दिवा दिसला की थांबायचं, हेच तर मी बावीस वर्षं शिकलो! त्या म्हणाल्या, तेच तर आता मोडायचंय. झटका आला की पळायचं नाही. बसायचं, हळू श्वास सोडायचा आणि थांबायचं. तो वर चढतो, पण चढतच राहत नाही, आपोआप ओसरतो. आपण मध्येच उतरून पळालो की अंगाला खात्री पटते की धोका खरा होता.

त्यांनी पायऱ्या लिहून दिल्यात. उभ्या बसमध्ये बसायचं, मग एक थांबा, मग दोन, मग पुलाच्या तोंडापर्यंत, मग पूल. मी दोन थांब्यांपर्यंत आलोय. प्रवासी म्हणून. खिडकीशी बसतो आणि पुढच्या सीटची कड धरतो.

एक विचारतो, रागावू नकोस. बाबा माझ्या लग्नाला आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले होते. खरंच गुडघाच होता का? आणि तूही इकडे फिरकली नाहीस, त्याला सहा वर्षं झाली. पोर तेव्हा सात वर्षांची होती, आता तिला माझे बूट येतात.

उत्तर लवकर दे, शिव्या घालायच्या असल्या तरी.

तुझा,
ढब्बू


ता. १५ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

बाबांना यात ओढू नकोस, असं लिहून पत्र संपवणार होते. दोन दिवस तो कागद मशीनवर पडून राहिला, मग फाडला.

गुडघा नव्हता. मी पहिलीत होते तेव्हा ते मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायचे. तिसरीत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. पाचवीत खालच्या दारापर्यंत आणि मग जिन्यापर्यंत. तू लहान होतास, तुझ्यासाठी ते पहिल्यापासून घरातलेच होते. शेवटची नऊ वर्षं त्यांनी उंबरठा ओलांडला नाही. नातेवाईक आळशी म्हणायचे, तिरसट म्हणायचे. आईही म्हणायची. मीसुद्धा म्हटलंय, त्यांच्या तोंडावर. तुझ्या लग्नाच्या दिवशी ते पहाटेच तयार झाले होते, कोट घालून, केस विंचरून. आम्ही निघालो तेव्हा खुर्चीत बसून होते. संध्याकाळी परत आलो, तरी कोट अंगावरच होता.

आता जरा कामाचं. त्या डॉक्टरीणबाईंना विचारून कळव. ते ओसरायला नेमकी किती मिनिटं लागतात? जीभ टाळूला चिकटते का? चक्कर आली आणि पडलो तर? आणि घराच्या दारातच सुरू झालं तर मोजायचं कुठून? माझ्या एका गिऱ्हाईक बाईंना असंच काही होतं, त्यांच्यासाठी हवंय.

आईला आता झोपल्यावर धाप लागते. उशांना टेकवून बसवते. डॉक्टर घरी येऊन गेले, हृदय थकलंय म्हणाले. ती तुझी वाट बघते. इकडे यायलाही तोच पूल लागतो, तो ओलांडायला जमेल तेव्हा ये, पण फार उशिरा जमवू नकोस.

तुझी,
ताई


ता. ३ मे

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या कोटाचं वाचलं. दिवसभर त्या खोलीत छत्र्यांमध्ये बसून होतो. मी त्यांच्याशी त्यानंतर दोन वर्षं धड बोललो नव्हतो.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. दहा मिनिटं, कधी वीस, एकदा पाऊण तास. जीभ चिकटते, बाटली जवळ ठेवायची. चक्कर येते, पण यात माणूस सहसा पडत नाही म्हणाल्या. दारातच सुरू झालं तर दारातच उभं राहायचं, आत यायचं नाही. रोज, त्याच जागी, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की समजायचं, जमलं.

ताई, ती गिऱ्हाईक बाई तूच आहेस का? शिवण घरी येतं, भाजी भाजीवालीची पोरगी वर आणून देते, पत्रं वरच्या बाई पेटीत टाकतात. मी हे सगळं सहा वर्षं ऐकतोय आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. मला तुझा राग येत नाही. मला एकट्याला होतंय असं वाटत होतं, ते जरा कमी झालं, याचीच लाज वाटते.

परवा बायकोचा हात धरून पूल ओलांडला. डोळे मिटून का होईना, ओलांडला! पलीकडे उतरून दोघं येड्यासारखे हसत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदा जमलं म्हणून रोज जमेल असं धरू नका. मी धरणारच. अठरा तारखेची तिघांची तिकिटं काढलीत. आईला सांग, पोरगा येतोय.

तुझा आणि तुझ्या गिऱ्हाईक बाईंचाही,
ढब्बू


ता. २४ मे

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

फोनवर मी फक्त आई गेली एवढं सांगितलं. बाकीचं आता लिहिते, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

सतराला सकाळी तिला श्वासच घेता येईना. ओठ निळे पडले. अ‍ॅम्ब्युलन्स आली, दोघांनी तिला खुर्चीतून खाली नेलं. मी मागोमाग जिना उतरले. ढब्बू, सहा वर्षांत पहिल्यांदा मी रस्त्यावर उभी राहिले. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला. आईनं माझ्याकडे हात केला. आणि मला दुसरा पाय उचलता आला नाही. तुझं सगळं आठवत होतं, श्वास सोड, थांब, ओसरेल. पण माझ्याकडे वीस मिनिटं नव्हती. गाडीवाला म्हणाला, बाई, चढा नाहीतर बाजूला व्हा. मी बाजूला झाले. वरच्या बाई चढल्या.

दुपारी सव्वादोनला ती गेली. तेव्हा मी मशीनवर बसून एका पँटीची खालची दुमड घालत होते. बसून राहवेना आणि दुसरं काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी तुझी बायको आणि पोर आल्या. पोरीनं सांगितलं की माझे बाबा पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरले, आम्हाला म्हणाले तुम्ही जा. तुझी बायको तुझ्यावर चिडली होती. मी तिला काय सांगणार? शेवटचं सगळं त्या दोघींनी आणि वरच्या बाईंनी केलं. आईच्या दोन मुलांपैकी एकही तिथे नव्हतं.

इस्पितळातून फोन होता. आईचा चष्मा, दातांची कवळी आणि अंगावरची शाल एका पिशवीत ठेवलीय. एकोणीस तारखेपासून तीस दिवस ठेवतात म्हणे.

हो, ती बाई मीच. गणवेशांचा ढीग एवढा मोठा कधीच नव्हता.

ताई


ता. २ जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

मी त्या थांब्यावर चार तास बसलो होतो. प्रत्येक येणाऱ्या बसला उठायचो. अकरा बसेस गेल्या. एका ड्रायव्हरनं ओळखलं, दार उघडून हाक मारली. मी हात हलवून त्याला जा म्हटलं. जणू सहज बसलोय.

बायको बोलते आता, पण गरजेपुरतं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे कधी संपणार? म्हणाल्या, संपेल असं वचन मी देत नाही, काहींना दम्यासारखं सोबत घेऊन जगावं लागतं. निदान खोटं बोलल्या नाहीत. गोळ्या बदलल्यात. डेपोनं कळवलंय की पुन्हा गाडी मिळणार नाही.

तुझ्या हाताबद्दल, म्हणजे आईनं केलेल्या हाताबद्दल, मी रोज विचार करतो. स्वतःला माफ कर, असं तुला लिहिणार होतो, पण ते मला तरी कुठे जमलंय.

एकच ऐक. पिशवीसाठी वरच्या बाईंना चिठ्ठी दे, त्या आणतील. आणि तुझं तू दारापासून सुरू कर. आधी खालचं दार, मग कोपरा. घाई नको.

ढब्बू


ता. २० जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

वरच्या बाई आपणहून म्हणाल्या होत्या, चिठ्ठी द्या, मी आणते. मी नाही म्हटलं. एवढं तरी मीच करणार होते.

तू लिहिलंस तसंच केलं. तीन दिवस खालच्या दारात. मग औषधाच्या दुकानापर्यंत, रोज सकाळी, बाटली घेऊन. दुकानदाराला वाटलं मला गुडघ्याचं काही आहे, त्यानं स्टूल दिलं. सहाव्या दिवशी तिथे बसले असताना ते खरोखर ओसरलं. बावीस मिनिटं लागली. तुझ्या डॉक्टरीणबाई खोटं बोलत नाहीत. मी घरी आले आणि आईला सांगायला तिच्या खोलीत गेले.

पण दुकानापासून बसथांबा समोरच दिसतो, आणि त्या रस्त्याचा मधला पट्टा काही मला ओलांडता आला नाही. नऊ सकाळी गेले, नऊ वेळा परत आले. परवा तिसावा दिवस होता. तेव्हा चिठ्ठी द्यायची ठरवली, तर वरच्या बाई मुलाकडे गेलेल्या. चार वाजता इस्पितळातल्या माणसाचा फोन आला. चांगला होता बिचारा. म्हणाला, पाचला खोली बंद करतो, आज कुणी आलं नाही तर उद्या सगळं जाळायला जातं. मी त्याला सांगितलं, निघालेय, वाटेत आहे. सहापर्यंत थांबतो म्हणाला.

मी घरातच उभी होते, चपला घालून, पर्स खांद्याला लावून. साडेसहापर्यंत तशीच उभी होते.

तुझ्या पायऱ्यांचा कागद जपून ठेवलाय. उद्या सकाळी दुकानापर्यंत जाईन, कारण न गेले तर जिनाही जाईल, हे मला बाबांवरून माहीत आहे. पण तू येतो म्हणून लिहू नकोस, मीही लिहिणार नाही. पत्रं तेवढी चालू ठेव.

तुझी,
ताई