चौथा भिडू

६ फेब्रुवारी

चि. ठमे हीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. कारण काही नाही, नुसता कंटाळा. दवाखाना चालू आहे. सकाळी दोन-चार दाढा काढतो आणि दुपारी पेशंटच्या खुर्चीत मीच आडवा होतो. खुर्ची आरामशीर आहे हे इतक्या वर्षांनी कळलं. लोक उगाच घाबरतात.

आता कामाचं. तुझ्या वहिनीची रविवारची गोल्फची चौकडी तुला माहीत आहे. मुख्याध्यापिका, शिंपीणबाई आणि ती उंच वकीलबाई. तिघी परवा घरी आल्या. चहा झाला. मग वकीलबाईंनी विषय काढला. चौथी जागा रिकामी राहिली तर क्लब ती दुसऱ्याला देतो, औषधांच्या दुकानातली एक बाई केव्हाची वाट बघते आहे, हंगाम सुरू होईपर्यंत मात्र जागा राखता येईल. माझ्या तोंडून निघून गेलं की मी येतो. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, पण नाही म्हणाल्या नाहीत.

तर तू मला शिकव, पत्रातून. मैदानावर चारचौघांत शोभा करून घ्यायची नाही. हॉलमधलं टीपॉय बाजूला केलंय, दांडीवर जाड चादर टांगलीय आणि स्पंजचा बॉल आणलाय. काठी फिरवली की ती एक तर बॉलच्या डोक्यावरून जाते, नाहीतर आधी सतरंजीला लागते. सतरंजीची पार चाळण झाली. काहीतरी उपाय सांग, मला ती जागा दुसऱ्या कोणाला जाऊ द्यायची नाही.

माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. वहिनी किती वर्षं तुझ्या मागे लागली होती! तेव्हा तू म्हणायचास, आपणच बॉल लांब फेकायचा आणि आपणच शोधत फिरायचं, हा कसला खेळ. आणि आता वहिनी जाऊन चार महिने होतायत, तर काठी हातात घेतलीस. असो. माझी निम्मी हयात साहेबलोकांना बॉल कसा मारायचा ते शिकवण्यात गेली, त्यात एक भाऊ जड नाही.

तुझा रोग मला न बघता कळला. तू वाकतोस. जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावलास, आता बॉलपाशीही दाढ काढायला उभा राहतोस. आणि वाकलेला माणूस मारताना मध्येच उठतो, म्हणून काठी वरून जाते. तेव्हा असं कर. भिंतीकडे पाठ करून उभा राहा, बूड भिंतीला टेकव, हात छातीवर बांध आणि सावकाश वळ. बूड भिंतीपासून सुटलं की चूक झाली. मग दोन्ही काखांत टॉवेल दाबून आरशासमोर बॉलशिवाय काठी फिरव. टॉवेल पडला तर हात अंगापासून सुटले. आणि मूठ आवळू नकोस. लहान मुलाची हनुवटी धरतोस ना तपासताना, तेवढीच धर.

जेवतोस का वेळेवर? माझा गुडघा बोंबलतोय, दिवसभर उभी असते. बाकी ठीक.

राग आला तरी लोभ कमी करू नये, ही विनंती.
तुझी ठमी

१० मार्च

चि. ठमे,
अ. उ. आशीर्वाद.

भिंतीचा रंग माझ्या पँटला लागला आणि पँटचा भिंतीला. काखांत टॉवेल धरून उभा होतो, तेवढ्यात दवाखान्यातली नर्स किल्ली द्यायला आली. किल्ली ठेवून ती लगेच निघाली. दुसऱ्या दिवशी मात्र मला फार जपून चहा दिला.

तू सांगितलेलं सगळं केलं. मूठ सैल झाली, टॉवेल आता पडत नाही. पण वाकणं काही जात नाही, बाई. गंमत बघ, मोकळ्या हातांनी भिंतीशी उभा राहतो तेव्हा मी ताठ असतो. हातात काठी आली की वाकलोच. कंबर धरली आहे. रोज संध्याकाळी वाटतं, पुरे झालं, नाही जमत. मग वाटतं, रविवारी सकाळी त्या औषधवाल्या बाईला तिथे उभी राहिलेली मी बघू शकेन का? आणि पुन्हा चादरीसमोर उभा राहतो. फार थकलो आहे गं.

नर्सकडून फोटो काढून घेतला, सोबत पाठवतो. हसू नकोस.

आहे तो लोभ पुरव.
तुझा दादा

१८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अरे देवा, दादा! फोटो बघून कपाळावर हात मारला. त्या काठ्या वहिनीच्या आहेत. मुठीवरच्या लाल पट्ट्या मी स्वतः गुंडाळून दिल्या होत्या. वहिनी तुझ्या खांद्याला लागत होती रे! तिच्या मापाच्या काठीने जमिनीवरचा बॉल मारायचा म्हणजे तुला वाकावंच लागणार. तुझ्या धंद्याला मी उगाच दोष दिला. भिंतीशी जन्म काढलास तरी हा दोष जायचा नाही.

उपाय सोपा आहे. क्लबात काठ्या दुरुस्त करणारा असतो, तो वरची मूठ कापून काढतो, आत जोड बसवतो आणि नवी मूठ चढवतो. नाहीतर आमच्या ह्यांच्या जुन्या काठ्या पडून आहेत, त्या पाठवते. हे तुझ्याच उंचीचे आहेत. काय ते लगेच कळव.

लोभ होता तसाच ठेव.
तुझी ठमी

२७ मार्च

चि. ठमे,
अ. उ. आशीर्वाद.

दुरुस्तीवाल्याकडे गेलो होतो. भला माणूस आहे. त्याने पहिली काठी शिकंज्यात धरली, लाल पट्टी सोडवली आणि मुठीवर सुरी ठेवली. पट्टीखाली रबराला एक खळगा पडला आहे, तुझ्या वहिनीच्या अंगठ्याचा. मी त्याला थांब म्हणालो. त्याला वाटलं मी पैशाला बिचकलो, तो कमी करायला लागला. मी काठ्या उचलून घरी आणल्या.

तुझ्या यजमानांच्या काठ्या नकोत. त्या घेऊन गेलो तर मी जाईन. मला कशाला जायचंय? तिच्या काठ्यांनी रविवारी तिथे असायला हवं, आणि काठ्या एकट्या जात नाहीत, म्हणून मी. तेव्हा वाकूनच मारायची काही रीत असेल तर सांग. हंगाम तोंडावर आला आहे.

चिडशील, पण लोभ सोडू नकोस.
तुझा दादा

३ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रीत आहे. गुडघे जास्त मोड, पाय फाकव, काठी निम्मीच मागे ने. बॉल लांब जाणार नाही आणि कंबर नक्की जाईल. शिकवणारी म्हणून एवढं सांगितलं.

आता बहीण म्हणून विचारते. हंगामभर, दर रविवारी, तू असा मोडून उभा राहणार का? वहिनीने बघितलं असतं तर तुझ्या हातातून काठी ओढून घेतली असती. तुझं पत्र वाचून मी खूप रडले. पत्र फाडलंस तरी चालेल, पण उत्तर दे.

तुझ्या लोभाची भुकेली,
ठमी

१४ एप्रिल

चि. ठमे,
अनेक आशीर्वाद.

रविवारी गेलो. गुडघे मोडले, पाय फाकवले, मारला. बॉल जेमतेम गवतापर्यंत घरंगळत गेला. तिघी वा वा म्हणाल्या. सुई टोचायच्या आधी मी पोरांना ज्या आवाजात सांगतो ना, काही दुखणार नाही म्हणून, अगदी त्या आवाजात.

औषधवाली बाई कुंपणापाशी उभी होती, कदाचित जागा मिळेल या आशेने. बुटकी आहे. मी तिला हाक मारली आणि काठी हातात दिली. ती नको नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. ती उभी राहिली ठमे, अगदी ताठ. अंगठा बरोबर खळग्यात बसला. तिने मारलेला बॉल कुठे गेला ते मी पाहिलंच नाही, काठीकडेच बघत राहिलो. शिंपीणबाई पाठ फिरवून उगाच हातमोजा नीट करत होत्या.

मग अख्खी बॅग तिच्या खांद्याला लावली. तिने विचारलं, तुमच्या घरी बाईंना लागणार नाहीत का? जागा रिकामी आहे एवढंच तिला कोणी सांगितलेलं, बाकी तिला काही माहीत नव्हतं. तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं, माझी बायको वारली. इतके महिने हे मी माझ्या तोंडाने कोणालाच सांगितलं नव्हतं. नातेवाइकांना तूच कळवलंस, पेशंटना नर्सने. ऐकून ती बाई गडबडली आणि बॅग उतरवून परत द्यायला लागली. मी घेतली नाही.

तसाच चालत घरी आलो. वाटेत रडू आलं, ते घरी येईपर्यंत थांबलं नाही. यजमानांच्या काठ्या पाठवू नकोस, मला हा खेळ मुळीच आवडत नाही. तू मात्र ये. शिकवायला नको, नुसती येऊन बस चार दिवस.

लोभ इथेच येऊन करावा.
तुझा दादा