हरकत असल्यास कळवावे

प्रिय मधू,

फोन का नाही केला म्हणून रागावू नकोस. फोनवर तू सगळ्याला "बरं गो, बरं" म्हणतेस आणि ठेवून देतेस, माझं सांगायचं घशातच राहतं. शिवाय झालंय काय ते मलाच अजून नीट समजलेलं नाही. लिहिता लिहिता समजलं तर बरं.

तर ऐक. मला विधानभवनातून बोलावणं आलंय. हसू नकोस! 'श्रीमती बेबी गणपत परब' असं छापलेलं पत्र पोस्टमन घेऊन आला तेव्हा सगळा मजला दारात गोळा झाला. साठी उलटली तरी सरकारदरबारी मी बेबीच.

झालं असं, की जुन्या चाळींतल्या भाडेकरूंसाठी नवा कायदा येतोय म्हणे. अजून झालेला नाही, नुसता मसुदा आहे आणि तो आमदारांच्या एका समितीपुढे आहे. समितीने पेपरात जाहीर केलं, लोकांनी हरकती आणि सूचना पाठवाव्यात. रामदासकाकांचा हितेंद्र आता आपल्या चाळीचा सेक्रेटरी आहे, वकिली करतो. त्याने ते कात्रण जिन्याखालच्या फळ्यावर लावलं. आता आपल्या लालबागकरांची खोड तुला माहीत आहे. फळ्यावर काही मागवलं की लोकांना वाटतं चाळीची वार्षिक सभा आली. कुणी लिहिलं मोरीचं पाणी तुंबतं, कुणी लिहिलं कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांना दंड करा, आणि घाडीकाकूंनी लिहिलं की गणपतीत लाऊडस्पीकरचं तोंड त्यांच्या खिडकीकडे नको. हितेंद्रने कपाळावर हात मारला. मग सगळ्यांना गच्चीवर बसवून समजावलं, की कायद्यातलं कुठलं कलम, त्यात काय चुकतंय आणि त्याऐवजी काय हवं, एवढंच लिहायचं. आणि ते कुणीही लिहू शकतं. मला खरंच वाटेना. मला वाटायचं कायदा वरून येतो, मुन्शिपाल्टीच्या पाण्यासारखा, येईल तेव्हा आपण भरून घ्यायचं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रिती होती. आपल्या शेजारच्या खोलीतली, आईचं अंथरुणातलं सगळं एकटीने करणारी. आई गेली, चाळ पाडून टॉवर होणार अशी कुणकुण लागली, आणि विरारहून तिचे भाऊ हजर! आईच्या आजारपणात केळी घेऊन आले आणि चहा पिऊन गेले, तेवढंच त्यांचं येणं. आता म्हणतात खोलीत आमचाही वाटा. मसुद्यातही तसंच आहे, भाडेकरू गेला की हक्क सगळ्या मुलांना सारखा. माझं डोकंच फिरलं. मी तिथेच बसून लिहिलं, असं नको. शेवटपर्यंत जो म्हाताऱ्या माणसाजवळ राहिला, खोली त्याच्याच नावावर व्हावी, बाहेर गेलेल्यांचा हक्क नसावा. सही ठोकली आणि दिलं पाठवून. फार बरं वाटलं गो, त्या भावांना तोंडावर सुनावल्यासारखं.

त्यावर समितीपुढे येऊन बोला असं बोलावणं आलं तेव्हा प्रितीने पेढे वाटले. मीही कपाटातली नारायणपेठ काढून ठेवली. मग हितेंद्र माझी तयारी करून घ्यायला आला आणि सहज म्हणाला, बेबीआत्या, हे मान्य झालं तर तुमची खोलीसुद्धा तुमच्या एकटीची होईल, भाडेपावतीवर अजून तुमच्या बाबांचंच नाव आहे ना. मी म्हटलं, छे, मी प्रितीसाठी लिहिलंय. तर म्हणाला, आत्या, कायदा एकट्या प्रितीसाठी नसतो होत.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. काल आमटीत मीठ पुन्हा घातलं. बाबांजवळ शेवटपर्यंत मीच होते, खोटं कशाला बोलू? त्यांचं हगणं-मुतणं मी काढलं, आणि हाक मारायचे ती मात्र मधू, मधू. फार राग यायचा तुझा. तो राग त्या कागदावर उतरला, की मी खरंच प्रितीसाठी लिहिलं? देवाशपथ सांगते, मला कळत नाही. आणि तू तरी 'बाहेर गेलेली' कशी? विशीच्या आत तुला देऊन टाकली, तुला कुणी विचारलं होतं? मला मागणी आली नाही म्हणून मी राहिले. यात कुणाची पुण्याई आणि कुणाचा गुन्हा? गेल्या गणपतीत भांडी घासताना तू म्हणालीस, सुनेच्या राज्यात बदलापुरात जीव रमत नाही, पुढेमागे येऊन राहीन आपल्या खोलीत. 'आपल्या' म्हणालीस. माझं ऐकलं तर ती आपली राहत नाही. मी दार उघडेनच, पण ते माझ्या मर्जीने. आणि माझी मर्जी तुला ठाऊक आहे, सकाळी एक, संध्याकाळी भलतीच.

सूचना मागे घ्यावी तर प्रितीचं तोंड डोळ्यांपुढे येतं. भाऊ तिला बाहेर काढतील. न घ्यावी तर तुझं येतं. तोडगा म्हणून दोघींना पुरेल असं काही लिहायला बसले, पण जमेना. हितेंद्र म्हणतो, समिती त्यासाठीच असते, दोन्ही बाजू ऐकायला. अरे, पण दुसरी बाजू आहे कुठे? चाळीतून एकटी मीच जाणार, आणि सगळे माना डोलावणार.

म्हणून हे पत्र. मधू, तू हरकत पाठव. माझ्या सूचनेविरुद्ध. समितीने मुदत वाढवली आहे, कशी पाठवायची ते हितेंद्र सांगेल. सरळ लिही, की लग्न करून दिलेल्या मुलीला 'बाहेर गेली' म्हणणारे तुम्ही कोण. ताईच्या विरोधात कसं लिहू, असं मुळुमुळु करत बसू नकोस, तुझी ती जुनी सवय. आणि माझ्याबरोबर तिथे ये. मी प्रितीसाठी बोलेन, चांगली ठणकावून बोलेन. मग तू बोल, आणि बोलताना माझ्याकडे बघू नकोस. मी तिथे एकटीच उभी राहिले तर जिंकेन गो, आणि मला त्याचीच भीती वाटते.

तुझीच,
बेबीताई