वामनदादाने आणलेलं तेल

साखरशेत, ता. जव्हार
१२ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

सकूचा नमस्कार. भात झोडून झालं, नागली अजून खळ्यावर आहे. आई चालती-फिरती आहे. फोनच केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मला बोलता यायचं नाही. म्हणून लिहिते.

होळीला तू तेलाचा कॅन आणलास ना, त्याचं सांगायचं आहे. भिवंडीला तुम्ही जुने ट्रान्सफॉर्मर फोडता, त्यातलं. "गुडघ्याला चोळा, गुण येतो," म्हणालास. आलाही. मग लाडक्याकाका वाटी घेऊन आला, मागोमाग अख्खा पाडा.

दिवाळीआधी आईच्या गालांवर, कानांमागे काळे फोड उठले. जव्हारला दवाखान्यात नेलं. "अंगाला काय लावता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तेल कुठून आलं ते सांगितल्यावर त्यांचा चेहराच बदलला. कॅन मागवून घेतला, थोडं तेल मुंबईला तपासायला पाठवलं.

काल बोलावलं होतं. म्हणाल्या, "हे कारखान्यातलं जुनं रसायन आहे. अंगात शिरलं की चरबीत वर्षानुवर्षं राहतं. लिव्हर बिघडतं, कॅन्सरची भीती असते."

मी म्हटलं, "पाड्यावर उरलंय ते ओहळात ओतून देऊ?"

"अजिबात नको. माशांत जाईल."

"जाळू?"

"धूर याहून वाईट."

"मग पुरते."

"मातीतही तसंच राहील, सकू. सगळं इथे आणून दे."

दादा, मातीलाही जे खाता येत नाही, ते आम्ही अंगाला चोळत होतो.

घरोघर जाऊन वाट्या-बाटल्या गोळा केल्या. लाडक्याकाका देईना. "वामनने आणलंय. तो आपल्याला विष देईल का?" आईनेच त्याच्या हातातून बाटली काढून घेतली.

आणखी एक आहे. आईचे गुडघे रोज मीच चोळायचे. बाईंनी माझे हात उलटसुलट करून बघितले आणि हळूच विचारलं, "बाळाला अंगावर पाजतेस?" प्रतीक्षा तेव्हा मांडीवर पीतच होती.

दुधातूनही जातं, दादा.

"तरी पाजणं बंद करू नकोस, आईच्या दुधाचा फायदा मोठा आहे," असं त्यांनी दोनदा बजावलं. पण घरी पोर रडायला लागली आणि मला तिला उचलवेना. शेवटी आईने तिला माझ्या छातीशी लावलं. पाजलं मी. तिच्याकडे बघवलं नाही.

आम्ही वाटीभर तेलाने एवढे हादरलो. तू तर कोपरापर्यंत हात घालतोस त्यात. होळीला तुझ्या मानेवर फोड होते, आपण उन्हाचे समजलो. आईच्या गालांवर तसेच आहेत.

माफी मागत बसू नकोस. तुला ठाऊक नव्हतं. तुझ्या शेठला ठाऊक होतं का, ते नंतर विचारू. आधी निघून ये. बाईंनी तुला बघायला बोलावलं आहे. आणि कामावरचे कपडे घालून येऊ नकोस, घरात बाळ आहे. हे तुला लिहावंसं वाटत नव्हतं, पण लिहिलं.

तुझ्यावर न रागावलेली, फार घाबरलेली,
सकू