एकाच मशीनवर वाजणारी सीडी

दि. १९ मार्च, मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. माझ्या मागच्या पत्रानंतर तुझी दोन्ही पत्रं मिळाली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. पहिल्याच्या वेळी खरंच वेळ नव्हता. दुसऱ्याच्या वेळी वेळ होता, पेन होतं, पाकीटसुद्धा आणून ठेवलं होतं, तरी टाळलं. त्या पाकिटावर आता चहाच्या कपाचा गोल उमटलाय, तसंच चालवून घे. भावोजींना नमस्कार, पिल्लाला पापा. बाबांची तब्येत तू लिहितेसच, म्हणून विचारत नाही. नाही, विचारतो. कशी आहे?

मी अजून लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीतच आहे. सात महिने झाले. एका जागी सात महिने म्हणजे माझ्यासारख्याचं म्हातारपणच. खाली लॉन्ड्रीवाल्या काकू आणि कपडे धुण्याची तीन मोठी यंत्रं. मी हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालतो आणि पोचवतो. काकूंचं म्हणणं, माझ्या घडीची चार टोकं चार दिशांना तोंड करून असतात, मालकावर गेलीत. त्याआधी मी बंदरावर बोटी रंगवत होतो ते तुला लिहिलं होतं का? बोटीच्या पोटाला रंग लावताना उताणं झोपावं लागतं, आणि मग नाकात... असू दे, ते परत कधी.

तू सीड्यांचं विचारलंयस.

आज लॉन्ड्रीला सुट्टी, म्हणून कॅसेटवरून सीडी भरायचं माझं मशीन लावून बसलोय. इतर दिवशी खाली यंत्रं फिरायला लागली की माझी जमीन थरथरते आणि सीडी भरता भरता मधेच बिघडते. बिघडली की कायमची, पुसून परत भरता येत नाही. एका फोटोवाल्याकडून घेतलं तेव्हा तो म्हणाला होता, मशीन शहाणं आहे, फक्त जरा लहरी. लहरी कसलं, खाष्ट आहे. याला साध्या कोऱ्या सीड्या चालत नाहीत, गाण्यासाठी म्हणून वेगळ्या मिळतात त्याच लागतात. त्या दिल्या तरी पोटात सीडी असताना पडद्यावर लिहितं, ‘नो डिस्क’. पोटभर जेवून उपाशी निजलो म्हणून सांगणारे पाहुणे असतात ना, तसलं. आणि तासाची कॅसेट भरायला तासच लागतो, घाई करता येत नाही. तोवर खोलीत चालायचंसुद्धा नाही. मला, ताई. मला एक तास एका जागी बसायला लावलंय या डब्यानं. शाळेला जे जमलं नाही ते यानं केलं. म्हणून तर पत्र लिहून होतंय.

तुला लिहिलं होतं, नऊ सीड्या मशीननं खाल्ल्या, एकही धड झाली नाही. तू बिचारी लिहितेस, असू दे रे, तू तरी काय करणार. ते वाचल्यापासून मला तुझं पत्र उशाखाली ठेवता येईना. कपाटावर टाकलं.

सहा खाल्ल्या. तीन चांगल्या आहेत.

थांब, रागावू नकोस, आधी पुरतं वाच.

तू कॅसेटी पाठवल्यास आणि लिहिलंस की ऑपरेशनपासून बाबांच्या घशातून शब्द फुटत नाही, चिठ्ठ्या लिहितात, त्यांना त्यांचंच गाणं रोज ऐकवायचंय आणि तुमच्या घरी फक्त सीडी वाजते. मी एका पायावर तयार झालो. घरून माझ्याकडे कधी कुणी काही मागितलं नव्हतं, परत ये एवढंच सोडून. मग पहिल्या मंगळवारी पहिली कॅसेट लावली. दुकानामागची ती खोली, शिलाई मशीनचा पाय थांबल्याचा आवाज, आणि बाबा. ताई, तो आवाज तुला रोज ऐकायला मिळाला. मला वाटलं होतं मलाही मिळाला, पण नीट आठवायला गेलो तर गाणं आठवेना, फक्त ‘कात्री दे’ आठवलं.

ते एक ओळ म्हणतात, मग तू म्हणतेस. ते म्हणतात, ‘वा गं माझी बाय.’ परत ओळ, परत तू, परत वा. मी मोजले. एका कॅसेटीत एकवीस वा. असं मोजणारा माणूस कसला असतो ते मला माहीत आहे, तू सांगू नकोस.

तेही चाललं असतं. पण चौथ्या कॅसेटीच्या सुरुवातीला, तू बटण दाबलंयस आणि बाबांना अजून कळलेलं नाही. तू विचारतेस, भोवरा कुठे आहे, मधेच येऊन गोंधळ घालेल. बाबा म्हणतात, “त्याला रीळ आणायला पूल ओलांडून पाठवलाय. तासभर तरी येत नाही.” आणि तू हसतेस.

पुलापलीकडचं दुकान. मी पळत जायचो, ताई. मला वाटायचं, तो निळा दोरा फक्त तिथंच मिळतो आणि एवढ्या लांब एकट्यानं जायला घरात मीच एक पुरुषमाणूस. परत येताना मुद्दाम लांबच्या गल्लीनं यायचो, फुशारकीत. सगळे म्हणतात, याच्या पायाला भिंगरी कुठून आली कोण जाणे. तर अशी आली. तुमचं गाणं व्हावं म्हणून.

मी जळलो. हा शब्द लिहायला तीन आठवडे लागले. त्याच मंगळवारी मी एक नवीन सीडी लावली आणि तुला काढून टाकलं. बाबा गायले की चालू, तू गायलीस की थांबव. मशीन तिथंही लहरी, बटण दाबल्यावर जरा उशिरा थांबतं, त्यामुळे प्रत्येक ओळीमागे तुझी एक चिमूट राहिलीच. आणि दर थांब्याला ते नवीन गाणं मोजतं, मधे जरा रिकामी जागा सोडतं. अशी एकेचाळीस झाली. पण झाली तयार. बाबा एक ओळ म्हणतात, मग जरा गप्प, मग पुढची ओळ. ऐकता ऐकता वाटायला लागलं की ते गप्प राहून वाट बघतायत. मग मी म्हणायला लागलो. माझा आवाज तुला माहीत आहे. काकू जिन्यात येऊन विचारून गेल्या, नळ चोंदलाय का.

सीडी भरली की शेवटी एक बटण दाबावं लागतं, फायनलाइज म्हणतात. ते दाबलं की ती बंद होते आणि मग कुठल्याही घरी वाजते. नाही दाबलं तर फक्त ज्या मशीनवर भरली त्यावरच वाजते. माझ्या तीनही सीड्यांचं ते बटण मी दाबलेलं नाही. त्यातल्या दोन पूर्ण आहेत, तुझ्यासकट, अगदी छान उतरल्यात. मशीनचा दोष नाही. तीन आठवडे बाबा तुझ्या घरी मुके बसलेत आणि इथं माझ्या खोलीत गातायत, फक्त माझ्यासाठी. दर मंगळवारी ठरवतो, आज दाबू. आजही बोट त्यावर ठेवून बसलो होतो, मग म्हटलं आधी पाचवी कॅसेट भरू, तोवर ताईला पत्र लिहू. पाचवीत तू मधेच खोकतेस आणि बाबा गाणं सोडून तुला पाणी देतात. तू मला शिव्या दे, पण पत्रातून दे, फोनवर नको. फोनवर तू रागावताना गातेस तशीच वाटतेस.

आता काकू खालून हाक मारतायत. सुट्टीच्या दिवशी यांना कोण गिऱ्हाईक आलं? थांब जरा.

ताई, खिडकीतून बघून आलो. काकू म्हणाल्या, “अरे, एक गृहस्थ आलेत. बोलत काहीच नाहीत, तुझ्या पत्राचं पाकीट दाखवतायत. नाक मात्र तुझंच आहे.” मग त्या गृहस्थांच्या हातातली चिठ्ठी काकूंनी मोठ्यानं वाचून दाखवली: मुलाचं मशीन बिघडलंय, ते बघायला आलोय.

बाबा आहेत. एकटे. गळ्याला मफलर, हातात दुकानातली ती चामड्याची पिशवी, ज्यात त्यांचे स्क्रू ड्रायव्हर आणि तेलाची कुपी असते. नऊ वर्षांत सहा गावांत राहिलो, एकाही खोलीत आले नव्हते.

तुला सांगून निघालेत का? नसतील तर घाबरली असशील. इथे आहेत, सुखरूप आहेत. काकूंनी खुर्ची दिलीय, पण बसत नाहीत, जिन्याकडे बघतायत.

मशीन चांगलं आहे म्हटलं तर सीड्या घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जातील. बिघडलंय म्हटलं तर ते उघडून बसतील. ताई, त्या दोन सीड्या मी बंद करून त्यांच्याच हाती देतो, शपथ. पण लगेच नको. मला दोन दिवस हवेत. तुझ्याकडे ते रोज असतात. एवढे दोन मला दे.

खाली जातो.

ज्याच्या घरी आज बाबा आलेत तो,
तुझा भोवरा