साठ वर्षांचा मंडूर

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळीच मरोद्याला. काकांच्या परसात आज पुट लावलं. कॉलेजच्या दोन मुली सोबत होत्या, त्यातली एक अत्तर मारून आलेली. काकांना डोळ्यांनी आता धड दिसत नाही, पण नाक शाबूत आहे. "सुनंदा, हे पोट्टी पुटाले आली का लग्नाले?" मुलगी लाल झाली. मग बिचारीनं सगळ्यात जास्त गोवऱ्या रचल्या.

नारायणकाका ऐंशीच्या पुढचे. भंडाऱ्याकडचं वैद्यांचं घराणं, पण पोट भरलं ते इथल्या पोलादाच्या प्लँटनं. फर्नेसवर शिफ्ट करायची आणि घरी येऊन खल घोटत बसायचं, असा जन्म काढला. मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना मळ. तो लाल तापवायचा, गोमूत्रात विझवायचा, त्रिफळ्याच्या काढ्यात घोटून टिकल्या करायच्या, मातीच्या परळात बंद करून गोवऱ्यांत जाळायच्या, म्हणजे एक पुट, आणि हे पुन्हा पुन्हा. इतकं सगळं हातानं करणारा दुसरा माणूस मला इकडे माहीत नाही; मीही हातानं शिकले ते यांच्याकडेच. मी हेच कॉलेजात फळ्यावर शिकवते. भाजलेल्या मंडुराचा वास न घेता पास झालेली मुलं उद्या वैद्य म्हणून पाट्या लावतील. म्हणून हा सगळा खटाटोप: काकांचं भस्म लॅबमधून तपासून घ्यायचं, आणि पुढच्या वर्षापासून त्यांच्या परसातच मुलांचं प्रशिक्षण. प्राचार्य कसेबसे तयार झालेत.

पूर्वी मंडूर यायचा तो सालेकशाकडच्या जंगलातून, जुन्या लोहारभट्ट्यांच्या जागेवरून. ते ढिगारे संपले. मग हा कुठला, विचारलं. काका गालात हसले.

"मायाच फर्नेसचा. मी नवा लागलो तवा जो स्लॅग निघे, त्याचा ढीग कुठी टाकला थे मले मालूम हाये. साठ होऊ देल्ले त्याले, मंगच हात लावला."

शास्त्रात शंभर वर्षांचा मंडूर उत्तम, ऐंशीचा मध्यम, साठचा कनिष्ठ पण चालणारा. त्याहून नवा असेल तर विष. म्हणजे हा माणूस आपल्याच भट्टीचा मळ वयात यायची वाट बघत बसला! गेली काही वर्षं हाच वापरतात. अंगावर काटा आला माझ्या. कॉलेजला द्यायच्या अहवालाची सुरुवात यानंच करायची.

१६ नोव्हेंबर

पुट उघडलं. चिमूटभर पाण्यावर सोडलं, तरंगलं. वर तांदळाचा दाणा ठेवला, तोही तरंगला. बोटांच्या रेषांत भरलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मंग! तरंगनच."

रंग मात्र काळपट. तांबूस हवा होता. मुलीच म्हणाल्या, तर काका म्हणे अजून दोन पुटं लागतील.

नमुना रायपूरला लॅबकडे पाठवला.

पल्लवी भेटली, काकांची नात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, सातवा सरत आलाय. काका रोज सकाळी तिला मधातून मंडूर चाटवतात. दिसायला छान, पण ओठ पांढरे.

२५ नोव्हेंबर

पुन्हा मरोदा. पल्लवीची खालची पापणी ओढून बघितली. कागद. जिना चढली तर धापा टाकते. हॉस्पिटलनं लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या तिला पोटात ठरत नाहीत. आणि काका म्हणाले, घरी मंडूर असताना त्या गोळ्या कावून? विषय संपला.

एव्हाना फरक दिसायला हवा होता. काकांच्या मंडुरानं उठलेल्या बाया मी स्वतः पाहिल्यात, माझी सासू त्यातलीच. मग हिला का नाही? पचन? अनुपान? काहीतरी माझंच चुकतंय समजण्यात.

५ डिसेंबर

रिपोर्ट आला. मला नीट कळेना, म्हणून चहाच्या वेळी यांच्यापुढे ठेवला. हे प्लँटच्या लॅबमधून रिटायर झालेत, आयुष्यभर आकडेच वाचले. चष्मा लावला, एक नजर टाकली, आणि बिस्किट चहात बुडवत म्हणाले,

"हा तर आपला स्लॅग हाये."

"म्हणजे?"

"म्हणजे चुना अन् सिलिका. लोखंड नावाले. अगं, ब्लास्ट फर्नेसमधी चुनखडी कायले टाकतेत? लोखंड खाली अन् बाकीचं सगळं वर, यासाठीच ना. मळात लोखंड राह्यलं तर साहेब आमाले फाडून खाये."

जुन्या लोहाराच्या भट्टीत निम्मंशिम्मं लोखंड मळातच राहून जायचं. तोच औषधाला उपयोगी. आणि प्लँटच्या मळाला साठ काय, सहाशे वर्षं झाली तरी लोखंड येणार कुठून? इतकी साधी गोष्ट. काका भट्टीवर राबले, मी वीस-बावीस वर्षं रसशास्त्र शिकवते, आणि दोघं मिळून वय मोजत बसलो.

बिस्किट चहात पडलं, ते चमच्यानं काढत बसले हे. मला रडू आलं. चिडून आलं.

६ डिसेंबर

प्राचार्यांना फोन. त्यांचं म्हणणं, काकांकडे जुन्या मंडुराचं थोडं भस्म शिल्लक असेल तर तेच पाठवा, अहवाल सुंदर येईल. "मॅडम, पद्धत तो सही है ना? चीज गलत थी बस."

पद्धत बरोबर आहे, हे खरं आहे. म्हणून तर जास्त राग आला.

पण अहवाल जाऊ दे चुलीत. पल्लवी ते अजून खातेय. पोटात बाळ आहे तिच्या. मरोद्यातल्या आणखी किती बाया खात असतील, काका कुणाला नाही म्हणत नाहीत.

८ डिसेंबर

आधी पल्लवीलाच गाठलं, काका आंघोळीला गेलेले बघून. सांगितलं सगळं. आजपासून बंद कर, माझ्याबरोबर हॉस्पिटलला चल, लोह सलाईनमधूनही देतात.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, आप सही बोल रहे हो. पन आबा समोर बसून राह्यते ना, मी गिळतो तोपर्यंत. उनको कौन बोलेगा? मी नाही बोलू शकत. तुमीच बोला."

मी बोलणार म्हटलं आणि काका बाहेर आल्यावर हवापाण्याच्या गप्पा मारून घरी आले. भित्री आहे मी, दुसरं काय.

११ डिसेंबर

बोलले. रिपोर्ट वाचून दाखवला, चुना, सिलिका सगळं. काका खल पुसत होते, पुसतच राहिले.

"पान्यावर तरंगते का नाही?"

"तरंगतं, काका."

"रेषांत भरते?"

"भरतं."

"मंग शास्त्र खोटं हाये का? का म्या खोटं केलं?"

दोन्ही नाही म्हणाले. काचेची बारीक पूडसुद्धा तरंगेल, काका. परीक्षा भस्माच्या आहेत, कच्चा माल आधी बरोबर आहे असं धरून. हे कसंबसं बोलले. माझ्या गुरूला. त्यांनी मान वर केली, पण डोळे माझ्यावर नाही, जरा बाजूला.

"तुये मिस्टर प्लँटचे ना? प्लँटवाल्यायले आपलं खरं कवा वाटलं?"

"काका, तुम्हीपण प्लँटचेच."

"चाल, घरी जाय आता."

जेवून जा म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

१५ डिसेंबर, रविवार

पल्लवी पडली. सकाळी मोरीपाशी चक्कर येऊन. तिच्या बाबांनी थेट हॉस्पिटलला नेलं, फोन आल्यावर मीही गेले. रक्त फारच कमी, आजच चढवायला घेतलं. बाळाची वाढ मागे आहे म्हणाली डॉक्टर. "आगे देखते हैं," एवढंच.

डॉक्टरनं विचारलं, घरी काय देत होते? पल्लवीच्या बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं सगळं, नीट, काकांचं नाव घेऊन. ती डॉक्टर पोरगी पंचविशीतली असेल. मला आडवंतिडवं बोलली, आयुर्वेदालाच बोलली सगळ्या. एरवी मी तिला सोडलं नसतं. आज ऐकून घेतलं.

१७ डिसेंबर

काका ऑटोनं हॉस्पिटलला आले. एकटे. चाचपडत वॉर्डापर्यंत पोचले कसे, देव जाणे. पल्लवीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग मला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं. खिशातून कागदाची पुडी काढली.

"तू दे तिले. मायावर सगळे रागावले. तुया हातानं घेईन थे."

"काका, मी सांगितलं ना तुम्हाला..."

"आयकलं म्या. साऱ्या जिंदगीत तुले एकच मागतो सुनंदा. म्या माया हातानं पोरीचं वाईट केलं, असं घिऊन मरू नोको देऊ मले."

रडत नव्हते. हात तेवढा पुढे होता. मी पुडी घेतली.

नाही दिली अर्थातच. पर्समध्ये पडून आहे.

१८ डिसेंबर

संध्याकाळी काकांचा फोन.

"देल्ली का?"

मी हो म्हणाले.

काका म्हणाले, "मंग पाह्यजो तू. आठ दिवसांत डोयाले लाली येईन."

२१ डिसेंबर

पल्लवीला दुसरी बाटली चढली. आज तिचे ओठ गुलाबी दिसतायत. बाळाचं मात्र डॉक्टर अजून काही बोलत नाही.

काका दुपारी आले. दिसत नाही, तर तिच्या बाबांना विचारत होते, "सांग ना बे, लाली हाये का नाही?" आहे, म्हणाले ते. काकांचा चेहरा असा फुलला की मला तिथं उभं राहवेना.

निघताना माझा हात धरला. "आता तरी सांगजो कॉलेजात. पोट्ट्यायले बोलाव. ढिगावरून दोन पोते आनाले लावले म्या, नवं पुट लावू. शेजारची एक आली होती काल, तिलेही रक्त नाही, दोन महिन्याची पोटुशी हाये. उद्यापासून सुरू करतो तिचं."

पल्लवी खाटेवरून माझ्याकडे बघत होती. तिचे बाबाही. मी काय बोलते म्हणून थांबले होते दोघं.

काकांना खरं न सांगताच रिसालीला घरी आले. यांना सांगितलं. हे म्हणाले, आता काय करशील?