चष्मेवाल्याच्या घरी डोळ्याचा धडा

प्रिय आणि आदरणीय ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा प्रभूमध्ये सलाम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींचा खोकला गेला, की अजून घरातल्या माणसासारखा हक्कानं राहतो आहे? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तसे आहोतही, पण गेले तीन आठवडे आमच्या घरात सृष्टीची उत्पत्ती चालू होती, आणि एवढ्या गडबडीत माणूस जेवढा सुखरूप राहू शकतो तेवढेच आहोत.

झालं असं, की थोरलीच्या वर्गात सजीवांच्या उत्क्रांतीचा धडा येऊ घातला होता. त्याच सुमारास एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी आम्हा आईबापांना थांबवून घेतलं. म्हणाले, मुलं शाळेत एकटी पडतात, कुणी विचारलं तर त्यांना आपल्या विश्वासाबद्दल चार शब्द बोलता आले पाहिजेत, आणि ती तयारी घरातच व्हायला हवी. मला ते मनापासून पटलं. (मला सगळंच मनापासून पटतं हे तू जाणतेसच, पुढचं निस्तरायला तुझी भावजय असते.) त्यांनी चाळीस प्रश्न आणि चाळीस उत्तरं असलेले कागद दिले. ते छातीशी धरून मी असा घरी आलो, जणू किल्ल्याच्या किल्ल्या माझ्याच हाती आल्या आहेत.

रोज संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसलं की तयारी सुरू व्हायची. थोरलीला प्रश्न विचारायचे, तिनं उत्तर द्यायचं, धाकटीनं ऐकायचं. विरोधी पक्ष मी. त्यासाठी दुकानातली न खपलेली जाड काळी फ्रेम डोळ्यांवर चढवून (काचा नव्हत्या, त्यामुळे डोळा खाजवायला सोयीची) मी घसा खाकरून शंका काढत असे. गंमत म्हणजे पाठांतर झालं ते धाकटीचं. तिला सगळी उत्तरं आली, फक्त प्रश्न नाही आले. दूध का प्यायली नाहीस असं आईनं विचारलं, तर ही हात जोडून म्हणाली, "कारण प्रत्येक रचनेमागे एक रचनाकार असतो." प्रसूतिगृहात दिवसभर बाळं धुऊन-पुसून आलेल्या बाईसमोर असलं काही बोलू नये. दूध प्यावंच लागलं.

बाराव्या प्रश्नावर माझी भारी भिस्त होती, कारण तो डोळ्याबद्दल होता आणि डोळा म्हणजे माझं घरचं अंगण. मी फ्रेम काढून ठेवली आणि स्वतःच उत्तर सांगितलं: डोळ्यासारखी अचूक वस्तू आपोआप होईलच कशी? थोरलीनं टेबलावरची ती फ्रेम उलटसुलट करून बघितली. मग अगदी सरळ मनानं म्हणाली, "बाबा, डोळा एवढा अचूक आहे, तर तुमच्या दुकानात गर्दी कसली?" आतमध्ये भांड्याचं झाकण पडलं. (तुझी भावजय हसू आलं की झाकण पाडते.) मी पुन्हा फ्रेम घातली आणि आजचा अभ्यास संपला असं जाहीर केलं.

शत्रूची बाजू समजून घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी तिचं शाळेचं पुस्तक दुकानात घेऊन गेलो. आणि ताई, इथेच घोटाळा झाला. दुपारी दुकानात कुणी नसतं. काचेच्या कपाटावर ऊन येतं, तासायच्या भिंगांमधून ते छताला जातं आणि तिथे पाण्यासारखं हलत राहतं. त्या उजेडात मी वाचलं, की काही किड्यांना डोळा म्हणून नुसता एक ठिपका असतो. त्यांना आकार दिसत नाही, रंग दिसत नाही, फक्त एवढं कळतं की इकडे उजेड आहे आणि तिकडे अंधार. मी पुस्तक मिटलं आणि छताकडे बघत बसलो. तो चिखलातला जीव पहिल्यांदा उजेडाकडे वळला असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल? पवित्र शास्त्रात, उत्पत्तीच्या गोष्टीत, उजेड पहिल्याच दिवशी आहे. बघणारं कुणी नसताना तो एवढे दिवस कुणासाठी पडून होता? एखादा पाहुणा यायच्या आधी आपण दिवा लावून ठेवतो, तसा? मला वाटतं मी तासभर तसाच बसलो असेन. समोरच्या खुर्चीत निवृत्त पोस्टमनकाका होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वरून खाली वाचला, मी काही बोलेना म्हणून खालून वर वाचला आणि शेवटी झोपी गेले. त्या धुंदीतच मी त्यांचा चष्मा गाण्याच्या मास्तरीणबाईंना दिला आणि बाईंचा त्यांना. दोघं दुसऱ्या दिवशी परत आले, एकमेकांचा हात धरून, कारण रस्ता दोघांनाही दिसत नव्हता.

असं हसण्यावारी चाललं होतं. पण धड्याच्या आदल्या दिवशी थोरलीनं ताट दूर सारलं. पोट दुखतं म्हणाली. आईनं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोटात काही नाही. तुमच्या त्या कागदांचं आहे. जा, बोला तिच्याशी." थोरली जिन्याच्या पायरीवर कागदांची घडी मुठीत धरून बसली होती. मी शेजारी बसलो. तिनं विचारलं, "बाबा, मला उत्तर नाही आलं, तर देव हरेल का?"

ताई, तेरा वर्षांची पोर, आणि आम्ही आकाश-पृथ्वीचा भार तिच्या डोक्यावर देऊन तिला शाळेत धाडत होतो. चाळीस उत्तरं मनात भराभर चाळली. एकही कामाचं निघालं नाही. शेवटी म्हणालो, "नाही गं बाळा. देव हरत नसतो. आपण हरतो, आणि तरी तो आपल्याला जेवायला बोलावतो. चल." तिनं कागद माझ्या खिशात कोंबले आणि दोन वेळा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकान बंद करून शाळेच्या फाटकाशी सहज जाऊन उभा राहिलो. तिथे तुझी भावजयही कामाच्या पांढऱ्या कपड्यांत सहजच उभी होती. घंटा झाली. थोरली आली ती पाण्यावरून चालत आल्यासारखी, आम्हाला बघूनही न बघितल्यासारखी. वाद झालाच नव्हता. विज्ञानाच्या बाईंनी धड्याआधी तळ्यातलं पाणी आणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं होतं. "आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या," ती सांगत होती, "मग एक इवलासा किडा. काचेचाच जणू. त्याचं हृदय उडताना दिसत होतं, बाबा! आणि एकच काळा डोळा, सारखा थरथरणारा." तो बघून तिच्या तोंडून मोठ्यानं "देवा!" निघून गेलं. सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, असं का म्हणालीस? तेव्हा आमची पोर उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या घरी मानतात की हे देवानं केलं. मीही मानते. कसं केलं ते मला माहीत नाही. बाई, मी अजून थोडा वेळ बघू का?" बाईंनी तिला स्टूल सरकवून दिलं, आणि तास संपेपर्यंत कुणालाही तिला उठवू दिलं नाही.

तुझी भावजय पदर नसलेल्या कपड्यांत पदर शोधत होती. वारा आहे म्हणाली. पानही हलत नव्हतं. आम्ही तिघं रमतगमत घरी आलो. वाटेत सगळं धुतल्यासारखं दिसत होतं, भिंती, सायकली, माणसांचे चेहरे. आणि मी माझा स्वतःचा चष्मा दुकानातच विसरलो होतो.

दाजींना सलाम. गुडघ्याला जप.

तुझा भाऊ

ता. क. – लिहायचं राहिलंच. मुलीचा बाप चष्मेवाला आहे हे कळल्यावर बाईंनी मला पुढच्या गुरुवारी वर्गात बोलावलं आहे, विषय 'डोळा', वेळ अर्धा तास. मी हो म्हणून बसलो. ताई, मी जन्मभर डोळ्याच्या बाहेरच काम केलं. आत काय चालतं ते मला फारसं ठाऊक नाही. (हे गिऱ्हाइकांना कळता कामा नये.) तू तीस वर्षं विज्ञान शिकवलंस. एखादं सोपं, चित्रांचं पुस्तक ताबडतोब पाठव.

ता. क. दुसरा – पुस्तक दुकानाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. घरात उगाच वाटेल की मी डळमळलो. मी तसूभरही डळमळलेलो नाही. चित्रं मात्र रंगीत असावीत.

(वेगळ्या अक्षरात) ताई, हे पत्र यांनी टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आहे, पाकीट न चिकटवता. पुस्तक घरीच पाठवा. आईच्या पोटात डोळा कसा घडतो ते प्रकरण त्यात असू द्या. वीस वर्षं बाळं हातात घेते आहे. ती पहिल्यांदा डोळे उघडून माझ्याकडे बघतात तेव्हा त्यांना काय दिसतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि जरा लवकर करा. पाळकसाहेबांनी त्या पुस्तकासाठी माझ्यानंतर नंबर लावून ठेवला आहे.